परदेशी तयार कपड्यांच्या आयातीवर मर्यादा : निवेदनात नेमकं काय मागावं?

ओव्हरलॉक_वागळे

वागळे इस्टेट, कळवा आणि उल्हासनगर कॅम्प पाच इथल्या लहान शिलाई युनिट्सचं एक निवेदन तयार होतंय. माल तीन प्रकारचा : कॉटन टी-शर्ट, लेगिंग्ज आणि जीन्स. मसुदा सध्या एकाच ओळीचा आहे : "परदेशी तयार कपड्यांच्या आयातीवर वार्षिक मर्यादा घालावी." सह्या गोळा करण्याआधी ही ओळ कायद्यात कुठे बसते ते जाणकारांनी सांगावं.

विशेषतः तीन गोष्टी. वर्षाला अमुक लाख नग असा कोटा मागता येतो का? बांगलादेशचा माल मे २०२५ पासून न्हावा शेवालाच उतरतो, म्हणजे जवळजवळ आपल्या दारात. मग ते बंधन म्हणायचं की सोय? आणि कोणते आकडे जोडले तर कागद वाचला जाईल, नाहीतर फाइलला लागून राहील? बातम्यांच्या लिंक नकोत, त्या सगळ्यांनी वाचल्या आहेत.

आउट_ऑफ_चार्ज

आधी सध्याची स्थिती. तयार कपडे, म्हणजे सीमाशुल्काच्या दरपत्रकाचे (टॅरिफ) अध्याय ६१ (निटेड, म्हणजे होजिअरी) आणि ६२ (वोव्हन, म्हणजे मागावरच्या कापडाचे), आयात धोरणात "मुक्त" आहेत. नगांची मर्यादा नाही, परवाना लागत नाही. परवाना लागतो तो जुन्या, वापरलेल्या कपड्यांना, म्हणजे शीर्षक ६३०९ ला. तोच माल काही जण ६३१० मध्ये चिंध्या म्हणून आणू बघतात. चिंधी पुन्हा अंगावर घालता येणार नाही इतकी फाडलेली हवी. नुसती एक चीर दिलेली असेल तर माल जप्त होतो, आणि सोडवायचा तर वर दंड.

नव्या कपड्यांना अडवतो तो कर. २०१८ मध्ये बहुतेक कपड्यांवरचं मूळ सीमाशुल्क १० वरून २० टक्के झालं. काही ओळींवर "टक्केवारी किंवा प्रतिनग अमुक रुपये, यातलं जे जास्त" असा दर आहे, म्हणून मालाचा आठ अंकी टॅरिफ कोड काढल्याशिवाय हिशोब करू नका. साध्या २० टक्क्यांच्या ओळीवर, सीमाशुल्कासाठी ४०० रुपये मूल्य धरलेला एक नग चीनहून आला तर :

मूळ शुल्क ८० रुपये. त्यावर १० टक्के समाज कल्याण अधिभार, ८ रुपये. झाले ४८८. त्यावर ५ टक्के आयजीएसटी (आयातीवरचा जीएसटी), २४ रुपये ४० पैसे. (२२ सप्टेंबर २०२५ पासून नगाला २,५०० रुपयांपर्यंत ५ टक्के, त्यावर १८ टक्के.) आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणजे तो पुढे भरायच्या जीएसटीतून वजा होतो, त्यामुळे खरा बोजा ८८ रुपयांचा.

हाच नग बांगलादेशातून साफ्टा (दक्षिण आशियाई देशांचा मुक्त व्यापार) करारातल्या मूळ देशाच्या दाखल्यासह आला तर मूळ शुल्क शून्य, अधिभार शून्य, फक्त २० रुपये आयजीएसटी, आणि तेही क्रेडिटला. ही सवलत नोव्हेंबर २०११ ची आहे, अधिसूचना ९९/२०११. बांगलादेशासारख्या अल्पविकसित देशांसाठी भारताने संवेदनशील यादी (सवलत न मिळणाऱ्या मालाची यादी) तेव्हा दारू-तंबाखूच्या २५ वस्तूंवर आणली आणि कपडे मोकळे झाले. त्यामुळे "परदेशी कपड्यांवर २० टक्के आहेच की" हे उत्तर चीनच्या मालाबद्दल खरं आहे, तुमच्या बाजारात उतरणाऱ्या जीन्सबद्दल बहुतेक वेळा नाही.

आता न्हावा शेवा. १७ मे २०२५ च्या डीजीएफटीच्या (विदेश व्यापार महासंचालनालय) अधिसूचनेने बांगलादेशी तयार कपडे कोणत्याही जमिनी चौकीवरून आणायला बंदी केली. न्हावा शेवा आणि कोलकाता ही दोनच सागरी बंदरं उघडी ठेवली. नेपाळ-भूतानला भारतातून जाणारा माल त्यातून वगळला. करात काहीच बदललं नाही, बदलला तो रस्ता. पूर्वी पश्चिम बंगालच्या पेट्रापोल चौकीहून ट्रक निघाला की माल काही दिवसांत गोडाऊनला. आता बांगलादेशच्या चट्टोग्राम बंदरातून कंटेनर, बऱ्याचदा कोलंबोला जहाज बदलून, मग न्हावा शेवा. दिवसांचं काम आठवड्यांवर गेलं.

याचा परिणाम सगळ्यांवर सारखा होत नाही. चाळीस फुटी हाय-क्यूब कंटेनरमध्ये ६० × ४० × ४० सेंमीचे साधारण ७०० खोके बसतात. खोक्यात ५० टी-शर्ट धरले तर ३५ हजार नग. एवढी ऑर्डर मोठ्या ब्रँडला परवडते. ट्रकने छोटे लॉट आणणाऱ्या घाऊक व्यापाऱ्याला दुसऱ्यांच्या मालाबरोबर कंटेनर वाटून घ्यावा लागतो, आणि त्यातल्या एकाचा कागद अडला की बाकीच्यांचाही माल द्रोणागिरीच्या सीएफएसमध्ये (बंदराबाहेरचं कंटेनर गोदाम) भाडं खात पडतो. हंगामी, फॅशनवर चालणारा माल या विलंबाने थोडा रोखला जातो. बारा महिने खपणारा साधा टी-शर्ट नाही.

कलम_अकरा

कोट्याबद्दल लिहितो, कारण मसुद्याची खरी अडचण तिथेच आहे.

जागतिक व्यापार संघटनेच्या मूळ कराराचं, म्हणजे गॅटचं, कलम ११ आयातीवर संख्येची बंधनं घालायला मनाई करतं. कपड्यांचा व्यापार कोट्यांवर चालत होता ती मल्टिफायबर व्यवस्था १९७४ ते १९९४ ची. पुढची दहा वर्षं ती टप्प्याटप्प्याने मोडली आणि १ जानेवारी २००५ ला कोटे संपले. ते कोटे श्रीमंत देशांनी आपल्यासारख्यांवर लावलेले होते, हेही लक्षात असू द्या. भारताची स्वतःची आयातबंधनं परकीय चलनाच्या तुटवड्याच्या कारणावर टिकून होती. अमेरिकेबरोबरच्या वादात ते कारण टिकलं नाही आणि उरलेली बंधनं १ एप्रिल २००१ पर्यंत उठली. म्हणून "वार्षिक मर्यादा घालावी" एवढंच लिहिलंत तर मंत्रालयाचं उत्तर दोन ओळींत येईल.

वाट मात्र आहे. विदेश व्यापार अधिनियम १९९२ चं कलम ९अ सरकारला संख्येची मर्यादा घालू देतं. अट अशी की आयात अचानक वाढलेली असावी आणि तिच्यामुळे देशी उद्योगाला गंभीर इजा होत असावी किंवा होण्याचा धोका असावा. त्याचे नियम २०१२ चे. शुल्काच्या रूपात तीच गोष्ट सीमाशुल्क टॅरिफ कायद्याच्या कलम ८ब मध्ये आहे, आणि त्यात टॅरिफ-कोटाही बसतो : अमुक प्रमाणापर्यंत कमी दर, त्यापुढे जास्त. या उपायांची मुदत चार वर्षं, वाढवून जास्तीत जास्त दहा.

पण अशा उपायांच्या, म्हणजे सेफगार्डच्या, जागतिक करारानुसार कोटा लावला तरी तो सहसा मागच्या तीन प्रातिनिधिक वर्षांच्या सरासरी आयातीखाली नेता येत नाही. म्हणजे ज्या तीन वर्षांत आयात फुगली, त्यांचीच सरासरी तुमची मर्यादा होऊन बसते. आज जेवढा माल येतो त्यातला बराचसा येतच राहणार, थांबेल ती फक्त पुढची वाढ. शिवाय संरक्षणाच्या काळात उद्योग स्वतःला कसा सुधारणार याची योजनाही अर्जात मागतात.

अँटी-डंपिंग वेगळं. तिथे परदेशी कारखाना स्वतःच्या बाजारातल्या दरापेक्षा स्वस्त विकतोय हे दाखवावं लागतं, आणि अर्जाला पाठिंबा देणाऱ्या उत्पादकांचा वाटा देशी उत्पादनाच्या किमान २५ टक्के लागतो. सिमेंट-पोलादात चार कंपन्यांनी सही केली की झालं. टी-शर्टमध्ये तिरुप्पूर, लुधियाना, कोलकाता यांना सोबत घेतल्याशिवाय २५ टक्के जमणार नाहीत. ठाणे जिल्ह्याने एकट्याने हा अर्ज करण्यात वेळ घालवू नये असं माझं स्पष्ट मत.

बांगलादेशासाठी आणखी एक दार आहे, साफ्टा कराराचं कलम १६. सवलतीच्या आयातीने देशी उद्योगाला गंभीर इजा होत असेल तर ती सवलत काही काळ स्थगित करता येते. अल्पविकसित देशांचा आयातीतला वाटा अगदी लहान असेल तर हे कलम त्यांना लागत नाही, पण कपड्यांत बांगलादेश लहान पुरवठादार नाही. तुमची मागणी "कोटा" ऐवजी "अमुक आठ अंकी कोडांवर कलम १६ खाली चौकशी" अशी असेल तर निदान ती योग्य टेबलावर जाईल.

गेज_२४

वरचे दोन्ही प्रतिसाद बरोबर आहेत, पण मसुदा लिहिणाऱ्यांनी एक उलटा प्रकार पाहिलेला दिसत नाही. आपल्याकडे मर्यादा घातली गेली ती कपड्याच्या आधी कापडावर.

मार्च २०२४ मध्ये ६००६ मधल्या काही सिंथेटिक निटेड कापडांवर किमान आयात दर आला, किलोला ३.५ डॉलर. तो लागू असताना त्याखालच्या दराचा माल आणताच येत नाही. नंतर त्यात आणखी कोड घातले आणि मुदत वाढत वाढत ३१ मार्च २०२६ पर्यंत नेली. फेब्रुवारी २०२५ च्या अर्थसंकल्पात निटेड कापडाच्या नऊ ओळींवर "२० टक्के किंवा किलोला ११५ रुपये, जे जास्त ते" असा दर झाला. गणित करा : ११५ रुपये म्हणजे ५७५ रुपयांचे २० टक्के. म्हणजे किलोला ५७५ पेक्षा स्वस्त प्रत्येक कापडावर ११५ चाच दर लागतो. डॉलर ८५ धरला तर ३.५ डॉलरचं कापड २९७ रुपये ५० पैशांचं, आणि त्यावर ११५ म्हणजे जवळपास ३९ टक्के.

लेगिंग्जवाल्यांनी हे मीटरमध्ये करून बघावं. जीएसएम (चौरस मीटरचं वजन ग्रॅममध्ये) गुणिले पन्हा (मीटरमध्ये) भागिले हजार, की मीटरचं वजन किलोत निघतं. १८० जीएसएम, १.८ मीटर पन्हा : ०.३२४ किलो. म्हणजे मीटरमागे शुल्क ३७ रुपये २६ पैसे, अधिभार वेगळा. वाया जाणारं धरून एका नगाला पाव किलो कापड लागलं तर २८ रुपये ७५ पैसे नुसत्या कापडावरच्या शुल्काचे. आणि तेच चिनी कापड ढाक्याजवळ शिवून, मूळ देशाची अट पूर्ण करून आलं तर तयार नगावर शून्य.

कापडावरची बंधनं चुकीची आहेत असं मला म्हणायचं नाही. सुरतेत आणि भिवंडीत माग बंद पडत होते, किलोला दीड-दोन डॉलर दाखवून माल उतरत होता. पण कापडाला कुंपण आणि कपड्याला मोकळी वाट ठेवली की शिलाईच परदेशी जाते, आणि मग कापड विकायला गिऱ्हाईकही उरत नाही. धाग्यातही हेच झालं. २०२३ पासून पॉलिएस्टर तंतू-धाग्यांवर गुणवत्ता नियंत्रण आदेश होते. नाव गुणवत्तेचं, परिणाम आयात रोखण्याचा, आणि कच्चा माल महाग झाल्याची ओरड शेवटी कपडेवाल्यांनीच केली. नोव्हेंबर २०२५ मध्ये ते आदेश मागे घेतले.

किमान दराला पळवाटाही आहेत. निटेड कापड ६००१ खाली पाइल कापड म्हणून किंवा ५९०३ खाली लेप दिलेलं म्हणून दाखवतात. नाहीतर कागदावर ३.५ डॉलर लिहून फरक दुसऱ्या मालाच्या बिलात जिरवतात. पहिली पळवाट नमुना प्रयोगशाळेत गेला की सापडते. दुसरी सापडणं अवघड.

वॉश_आणि_फिनिश

@गेज_२४, "मूळ देशाची अट पूर्ण करून" हे तुम्ही एका वाक्यात उरकलंत. जीन्सच्या बाबतीत सगळा मुद्दा तिथेच आहे.

साफ्टामध्ये अल्पविकसित देशाच्या मालाला दोन अटी : चार अंकी शीर्षक बदललं पाहिजे, आणि बाहेरून आणलेलं साहित्य एफओबी किमतीच्या (माल जहाजावर चढेपर्यंतची किंमत) ७० टक्क्यांपेक्षा जास्त नको. डेनिम ५२०९ मधलं, पुरुषांची जीन्स ६२०३ मधली. कापून शिवली की पहिली अट आपोआप पूर्ण. दुसरीसाठी काल्पनिक हिशोब : एफओबी ६ डॉलर, चिनी डेनिम १.३ मीटर, २.६० दराने ३.३८, चेन-बटण-रिव्हेट ४० सेंट. बाहेरचं साहित्य ३.७८, म्हणजे ६३ टक्के. पास. ना सूत बांगलादेशाचं, ना कापड, तरी कपडा बांगलादेशी ठरतो आणि शुल्क शून्य. निटेड मालात तिथे स्थानिक कापड बरंच वापरलं जातं, वोव्हनमध्ये बाहेरच्या कापडावर भर जास्त. म्हणून हा मुद्दा टी-शर्टपेक्षा जीन्सला जास्त लागू.

"किमान कापड तरी दक्षिण आशियात विणलेलं असावं" अशी अट घाला, ही कपडा उद्योगाची जुनी मागणी आहे. मागा जरूर, पण साफ्टाचा नियम बदलायला सगळ्या सदस्यांची संमती लागते आणि ती आज होणं कठीण. लगेच वापरता येईल असं हत्यार कॅरोटार २०२० (मूळ देशाच्या दाव्यांबद्दलचे सीमाशुल्काचे नियम) आहे, २१ सप्टेंबर २०२० पासून लागू. त्यात सवलत घेणाऱ्या आयातदाराने नुसता दाखला दाखवून भागत नाही. मूळ देशाचा निकष कसा पूर्ण झाला, कोणतं साहित्य कुठलं, मूल्यवृद्धी किती, हे त्याच्याकडे 'नमुना एक' या ठरावीक फॉर्ममध्ये असावं लागतं, पाच वर्षं जपावं लागतं, आणि अधिकाऱ्याने मागितलं की दहा कामकाजी दिवसांत द्यावं लागतं. समाधान झालं नाही तर पडताळणी परदेशातल्या दाखला देणाऱ्या संस्थेपर्यंत जाते.

निवेदनात हे लिहा : ६२०३ ४२ आणि ६२०४ ६२ या कोडांवर साफ्टा सवलतीच्या मालाची कॅरोटार पडताळणी जोखीम-निवडीत (तपासायचा माल निवडण्याच्या पद्धतीत) वाढवावी. यासाठी नवा कायदा लागत नाही, कोणाची संमती लागत नाही, आणि न्हावा शेवाचं सीमाशुल्क भवन इथेच उरण तालुक्यात आहे.

ओव्हरलॉक_वागळे

सर्वांचे आभार. कोट्याची ओळ काढतो. दोन उपप्रश्न. आयात झालेल्या मालात बिल कमी दाखवलंय असा संशय असेल तर आम्हाला कागद मिळतात का? आणि बांगलादेशी माल थांबला तर समोरून काही उलट बसतं का, कारण गटात एक सूतवाले आहेत आणि ते सही करायला तयार नाहीत.

आउट_ऑफ_चार्ज

कागद मिळणार नाहीत. दुसऱ्याची बिल ऑफ एंट्री (आयातदाराने सीमाशुल्काकडे भरलेला अर्ज) तुम्हाला दाखवत नाहीत. तुम्ही माहिती देऊ शकता. नुसतं "दर कमी वाटतो" चालत नाही. नमुना विकत घ्या, पक्कं बिल ठेवा, लेबलवरचं आयातदाराचं नाव, मूळ देश, एमआरपी, महिना-वर्ष यांचे फोटो काढा. त्या नगाचं वजन, जीएसएम, तंतू-मिश्रण प्रयोगशाळेतून काढा, मुंबईत प्रभादेवीला टेक्स्टाइल्स कमिटीची प्रयोगशाळा आहे. मग खर्चपत्रक : कापड, ट्रिम्स, शिलाई, वॉश. तुमचं कापडाचंच मूल्य आयातीच्या सरासरी दरापेक्षा जास्त येत असेल तर तो मुद्दा ठरतो. सीमाशुल्क अधिकारी २००७ च्या मूल्यांकन नियमांतल्या नियम १२ खाली जाहीर किमतीवर शंका घेऊ शकतो, पण त्याला त्याच काळातल्या तशाच मालाचे दर हाताशी लागतात. शंका टिकली नाही तर माल जाहीर दरानेच सुटतो.

लेबलवर आयातदाराचा पत्ता किंवा मूळ देशच नसेल तर ती वैधमापनशास्त्राची तक्रार, वेगळ्या खात्याकडे. लवकर निकाल लागतो. सगळं एकाच अर्जात कोंबू नका.

अॅझो रंगांचा नियमही माहीत असू द्या. कापड-कपड्यांसोबत घातक अॅझो रंग नसल्याचं माल निघण्यापूर्वीचं प्रमाणपत्र मूळ देशातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून लागतं. नसेल तर इथे नमुने काढून तपासणी. घाईत निघालेल्या मालाची हीच नेहमीची अडचण : प्रमाणपत्रातलं मालाचं वर्णन आणि इन्व्हॉइस जुळत नाही, नमुना जातो, अहवाल येईपर्यंत सीएफएसचं भाडं चढतं. त्यात बिल ऑफ एंट्रीच उशिरा भरलेली असेल तर पहिले तीन दिवस रोज ५,००० आणि पुढे रोज १०,००० रुपये विलंबशुल्क.

कलम_अकरा

सूतवाल्यांची भीती खरी आहे. भारतीय कॉटन सुताचं बांगलादेश फार मोठं गिऱ्हाईक. एप्रिल २०२५ मध्ये त्यांनी जमिनी चौक्यांवरून भारतीय सूत घेणं बंद केलं. त्याच महिन्यात भारताने त्यांच्या निर्यात मालाला आपल्या बंदर-विमानतळांवरून तिसऱ्या देशात पाठवायची सोय काढून घेतली, मग मे मध्ये कपड्यांची अधिसूचना. म्हणून सरसकट बंदी मागू नका. चिनी कापडाच्या कपड्याला सवलत नको आणि भारतीय सुताच्या कपड्याला हरकत नाही, अशी मांडणी केलीत तर सूतवाल्यांचीही सही मिळेल.

आणखी एक, आणि हे बाकी सगळ्याच्या आधी करा. बांगलादेश अल्पविकसित यादीतून बाहेर पडण्याची संयुक्त राष्ट्रांनी ठरवलेली तारीख २४ नोव्हेंबर २०२६ आहे. बाहेर पडल्यावर साफ्टामधली ही खास सवलत आपोआप हक्काची राहत नाही. पुढे काय ते दोन देशांच्या बोलण्यात ठरणार. अल्पविकसित नसलेल्या सदस्यांसाठी भारताची संवेदनशील यादी बरीच लांब आहे. तुमचे कोड त्या यादीत आहेत का ते आताच तपासा. नसतील तर ते घालण्याची मागणी निवेदनात पहिली, कॅरोटार दुसरी, कापड-कपडा शुल्कातली विसंगती तिसरी. प्रत वाणिज्य विभाग, वस्त्र मंत्रालय आणि डीजीएफटीला.

गेज_२४

कोड काढताना : टी-शर्ट ६१०९ १०, पुरुषांची कॉटन जीन्स ६२०३ ४२, बायकांची ६२०४ ६२. लेगिंग्ज कॉटन असेल तर ६१०४ ६२, सिंथेटिक असेल तर ६१०४ ६३. मिश्र कापडात वजनाने ज्या तंतूचं प्रमाण जास्त तो कोड. ८६ सेंमी उंचीपर्यंतच्या बाळांचे निटेड कपडे ६१११ मध्ये जातात, ते यात मिसळू नका. वाणिज्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आठ अंकी कोडाची देशनिहाय आयात मिळते, मूल्य आणि नग दोन्ही. पाच वर्षांची घ्या, मूल्याला नगांनी भागून सरासरी दर काढा, आणि शेजारी त्याच मालाचा तुमचा कारखाना-दर लिहा. प्रत्येक युनिटचं उत्पादन नगांत द्या, रुपयांत नको. भाव वाढल्याने उलाढाल वाढलेली दिसते आणि इजा झाकली जाते.